गोल्फचा चेंडू मैदानावर पारखावा कसा: नवख्या खेळाडूंसाठी मार्गदर्शन

गोल्फ शिकू लागलेला माणूस ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) कोणता घ्यावा यावर महिनोन्‌महिने खल करतो, बुटांपासून हातमोज्यापर्यंत सगळे पारखून घेतो आणि चेंडू मात्र पिशवीत हाताला लागेल तो खेळतो. पहिला चेंडू झाडीत हरवतो, दुसरा कॅडीने (पिशवी वाहणाऱ्या सोबत्याने) शोधून दिलेला भलत्याच बनावटीचा असतो, तिसरा कोणीतरी भेट दिलेल्या डब्यातला असतो. त्यामुळे एका होलवर चिप (ग्रीनजवळून मारलेला आखूड फटका) ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक छाटलेल्या गवतावर, पडून जागच्या जागी थांबते आणि पुढच्या होलवर तशीच मारलेली चिप दहा पावले पुढे निघून जाते, तेव्हा दोष मनगटाला दिला जातो. पिशवीत चौदा क्लब (फटके मारायच्या काठ्या) असले तरी प्रत्येक फटक्याला वापरले जाणारे साधन चेंडू हे एकच असते, आणि तेच दर होलला बदलत राहिले तर आपल्या हातात सुधारणा होते आहे की नाही हे कळायला काही मार्गच उरत नाही.

चेंडू पारखण्याची जी पद्धत मी पुढे देत आहे तिचा गाभा असा, की परीक्षा ग्रीनपासून सुरू करावी आणि टीकडे, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेकडे, उलट जात राहावी. दुकानात आणि जाहिरातींत याच्या नेमके उलट चालते. तिथे सगळी चर्चा ड्रायव्हरने किती यार्ड मिळतात यापासून सुरू होते. नियमांत बसणाऱ्या दोन चेंडूंमध्ये ड्रायव्हरच्या फटक्यावर पडणारा फरक हौशी खेळाडूच्या बाबतीत थोड्या यार्डांचा असतो. ग्रीनभोवतीच्या छोट्या फटक्यांत मात्र तोच फरक एका ‘पट’ने (ग्रीनवरच्या घरंगळत्या फटक्याने) होल पूर्ण होणार की दोन लागणार हे ठरवण्याइतका मोठा असू शकतो.

सोबत काय असावे

- तीन वेगवेगळ्या प्रकारचे नवे चेंडू, प्रत्येकी किमान तीन. पूर्ण डझन घेऊ नये. तीन चेंडूंची छोटी पेटी सुटी मिळते.
- न पुसणारे बारीक टोकाचे मार्कर पेन.
- पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याचा), एक वेज (ग्रीनजवळच्या आखूड फटक्यांसाठी), सात नंबरचे आयर्न (मधल्या अंतरासाठी) आणि ड्रायव्हर. बाकीचे क्लब घरी ठेवले तरी चालतील.
- ओला आणि कोरडा असे दोन टॉवेल, तसेच ग्रीनवरचे खळगे दुरुस्त करण्याचा काटा.
- छोटी वही. मोबाइलवर नोंदी करण्यास हरकत नाही, पण उन्हात त्याचा पडदा दिसत नाही.
- क्लबचे सदस्य नसाल तर ग्रीन फीची पावती. अनेक क्लब पाहुण्या खेळाडूकडे हँडिकॅपचे (खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचे) प्रमाणपत्र मागतात, त्याची चौकशी आधी फोनवर करावी. सरावाच्या चिपिंग ग्रीनवर स्वतःचे चेंडू वापरता येतात का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

१. चेंडूच्या आत काय आहे ते समजून घ्या

नियमांप्रमाणे चेंडूचा व्यास १.६८ इंचांपेक्षा, म्हणजे ४२.६७ मिलिमीटरपेक्षा, कमी असता कामा नये आणि वजन १.६२ औंसांपेक्षा, म्हणजे ४५.९३ ग्रॅमपेक्षा, जास्त असता कामा नये. आकाराला खालची आणि वजनाला वरची मर्यादा आहे, कारण लहान आणि जड चेंडू वारा कापत अधिक दूर जातो. ब्रिटनमध्ये १.६२ इंच व्यासाचा लहान चेंडू दीर्घकाळ चालत असे. ओपन स्पर्धेत १९७४ साली मोठा चेंडू सक्तीचा झाला आणि १९९० मध्ये लहान चेंडू नियमांतून पूर्णपणे बाद झाला.

आजचे चेंडू ढोबळमानाने दोन कुळांत पडतात. पहिल्या कुळात रबराचा मोठा गाभा आणि त्यावर आयनोमर नावाच्या टणक प्लॅस्टिकचे आवरण असते. हा दोन थरांचा चेंडू स्वस्त, टिकाऊ आणि कमी फिरणारा असतो. दुसऱ्या कुळात गाभा आणि आवरण यांच्यामध्ये एक किंवा अधिक थर असतात आणि बाहेरचे आवरण युरेथेनचे, म्हणजे पातळ आणि मऊ असते. आवरण मऊ असले की वेजच्या खाचा त्याला पकडतात. आतला थर टणक असला की ड्रायव्हरच्या जोरदार फटक्यावर चेंडू जास्त फिरत नाही. व्यावसायिक खेळाडू पूर्वी रबराचा दोरा गुंडाळलेला आणि बलाटाचे (रबरासारख्या मऊ चिकाचे) आवरण असलेला चेंडू वापरत. ऑक्टोबर २००० मध्ये टायटलिस्ट कंपनीचा प्रो व्ही१ हा चेंडू स्पर्धेत उतरला आणि त्यानंतर थोड्याच काळात गुंडाळलेला चेंडू मैदानावरून जवळजवळ नाहीसा झाला.

आवरण आयनोमरचे की युरेथेनचे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून डब्याच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. ‘सॉफ्ट’ हा शब्द दोन्ही कुळांच्या डब्यांवर असतो.

२. डिंपल आणि स्पिन यांचे काम

गुळगुळीत चेंडू डिंपल (पृष्ठभागावरच्या बारीक खळ्या) असलेल्या चेंडूच्या साधारण निम्मेच अंतर जातो. वेगाने जाणाऱ्या चेंडूच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहतो. गुळगुळीत चेंडूवर हा थर लवकर सुटतो, चेंडूमागे कमी दाबाचा रुंद पट्टा तयार होतो आणि तो चेंडूला मागे ओढतो. डिंपलमुळे हा थर खळबळता होतो, अधिक मागपर्यंत चिकटून राहतो, मागचा पट्टा अरुंद होतो आणि हवेचा विरोध जवळजवळ अर्ध्यावर येतो. क्रिकेटच्या चेंडूची एक बाजू खरखरीत झाली की तिथला हवेचा प्रवाह बदलतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही गल्लीतल्या गोलंदाजाला ठाऊक असते; तत्त्व तेच, फक्त गोल्फच्या चेंडूला ते सर्व बाजूंनी सारखे दिलेले असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आलेल्या गुट्टापर्चाच्या (झाडाच्या घट्ट चिकाच्या) चेंडूंबाबत खेळाडूंच्या लक्षात आले होते, की नवाकोरा चेंडू लवकर खाली येतो आणि ओरखडे पडलेला जुना चेंडू चांगला उडतो. त्यातून मुद्दाम खाचा पाडण्याची पद्धत आली आणि १९०५ साली इंग्लंडमध्ये विल्यम टेलर यांनी डिंपलच्या रचनेचे पेटंट घेतले.

दुसरा भाग बॅकस्पिनचा. क्लबचा चेहरा (चेंडूला लागणारी बाजू) कललेला असल्यामुळे चेंडू मागच्या बाजूस फिरत निघतो, वरची हवा वेगाने मागे ओढली जाते आणि चेंडूला उचल मिळते. ड्रायव्हरवर चांगल्या खेळाडूचा चेंडू मिनिटाला सुमारे २,००० ते ३,००० फेरे घेतो, सात नंबरच्या आयर्नवर ७,०००च्या आसपास, तर पूर्ण वेजवर ९,००० किंवा त्याहून अधिक. या फेऱ्यांचा अक्ष एका बाजूला कलला की चेंडू वळतो. स्लाइस आणि हुक ही त्याचीच नावे. जो चेंडू मुळात कमी फिरतो तो थोडा कमी वळतो, पण स्लाइस चेंडू बदलून बरा होत नाही, त्याला प्रशिक्षकच हवा.

३. डब्यावरचे शब्द आणि त्यांतले सापळे

*कॉम्प्रेशन.* चेंडू दाबल्यावर किती दबतो याचा हा आकडा. साधारण ३० ते ६० मऊ आणि ९० च्या वर टणक समजतात. प्रत्येक उत्पादकाची मोजण्याची पद्धत एकसारखी नसते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये. ‘स्विंग मंद असेल तर मऊ चेंडूच घ्या’ हे सूत्र दुकानात हमखास ऐकायला मिळते. ते निम्मेच खरे आहे. मऊपणा मुख्यतः हाताला आणि त्याहूनही अधिक कानाला जाणवतो. मंद स्विंगवाल्याला मऊ चेंडूमुळे आपोआप लांबी मिळते असे नाही.

*‘सर्वांत लांब’.* नियमांनी अंतरालाच वेसण घातलेली आहे. ताशी १२० मैल वेगाने फिरणाऱ्या यंत्राच्या क्लबने ठरावीक परिस्थितीत मारलेला चेंडू ३१७ यार्ड आणि वर ३ यार्डांची सूट, यापलीकडे जाता कामा नये. ही कसोटी ताशी १२५ मैलांवर नेऊन अधिक कडक करण्याचा निर्णय नियामक संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. बहुतेक सगळे नामवंत उत्पादक या छताला डोके टेकवूनच उभे आहेत, तेव्हा डब्यावरच्या या दाव्याला फार किंमत देऊ नये.

*बाजूचा १ ते ४ हा आकडा.* तो केवळ आपला चेंडू जोडीदाराच्या चेंडूपासून वेगळा ओळखण्यासाठी असतो. त्यावरून टणकपणा ठरत नाही.

*‘एक्स-आउट’.* छपाईतल्या किंवा इतर किरकोळ दोषामुळे उत्पादकाने बाजूला काढलेले चेंडू. सरावाला उत्तम, पण मान्य चेंडूंच्या यादीतलाच चेंडू हवा अशी अट असलेल्या स्पर्धेत ते चालत नाहीत. आर अँड ए आणि यूएसजीए या नियामक संस्था ही यादी दर महिन्याला प्रसिद्ध करतात आणि ती विनामूल्य पाहता येते.

४. पहिली परीक्षा पटरने

पटिंगवर चेंडूंमधला फरक सर्वांत कमी असतो, म्हणून ही परीक्षा लवकर आटोपावी. तिन्ही प्रकार एकाच सपाट रेषेवरून वीस फुटांवर मारून पाहा आणि केवळ दोन गोष्टी लिहा: आघाताचा आवाज आवडला का, आणि आवाजाच्या अंदाजाने अंतर साधले का. जो चेंडू पटरवर इतका टणक वाजतो की तुम्ही नकळत हात आखडता घेता, तो इथेच बाद करावा. आपल्याकडच्या बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर गवताची लव एका दिशेला झुकलेली असते. लवेच्या दिशेने चेंडू पळतो आणि उलट दिशेने अडतो. म्हणून तिन्ही चेंडू एकाच दिशेने मारावेत, नाहीतर गवताचा फरक चेंडूच्या खात्यात जमा होईल.

५. खरी परीक्षा: चिप आणि पिच

या पायरीला पूर्ण सकाळ द्यावी. ग्रीनच्या कडेपासून दहा यार्डांवरची चिप आणि तीस ते चाळीस यार्डांवरची पिच, असे दोनच फटके निवडावेत. चेंडू फेअरवेसारख्या छाटलेल्या गवतावर ठेवावा आणि प्रत्येक फटक्याआधी वेजच्या खाचा पुसाव्यात. प्रथम ‘अ’, मग ‘ब’, मग ‘क’ आणि पुन्हा ‘अ’ असा आळीपाळीने क्रम ठेवावा. आधी सगळे ‘अ’ आणि शेवटी सगळे ‘क’ मारले तर हात सरावल्याचा फायदा ‘क’ला मिळतो आणि परीक्षाच फसते.

आता काय पाहायचे ते. चेंडू कुठे थांबला एवढेच न पाहता तो क्लबवरून किती उंच निघाला हे आधी पाहावे. आयनोमरचा चेंडू वेजच्या चेहऱ्यावर किंचित घसरतो, त्यामुळे तो उंच निघतो आणि कमी फिरतो. युरेथेनचा चेंडू खाचांत पकडला जातो, त्यामुळे तो खालून निघतो आणि जास्त फिरतो. नवख्याला हे उलटे वाटते, कारण उंच गेलेला चेंडू लवकर थांबेल अशी त्याची अपेक्षा असते. पिचमध्ये युरेथेनचा चेंडू ग्रीनवर पडतो, एक टप्पा पुढे घेतो आणि दुसऱ्या टप्प्याला जणू लगाम खेचल्यासारखा अडतो. आयनोमरचा चेंडू दोन-तीन मोकळे टप्पे घेऊन निवांत घरंगळत राहतो. फटका झाल्यावर वेजच्या खाचांत पाहिले तर, वेज नवी असल्यास, युरेथेनचे पांढरे बारीक कण अडकलेले दिसतात. ते दिसले म्हणजे आवरण आणि खाचा यांची पकड नीट बसली असे समजावे.

त्यानंतर दोन्ही आवरणांचे चेंडू रफमधून (वाढलेल्या गवतातून) मारून पाहा. चेंडू आणि क्लब यांच्यामध्ये गवत आले की महागड्या चेंडूचा रुबाब बराच उतरतो, कारण खाचा आवरणापर्यंत पोहोचतच नाहीत. वेजचा चेहरा मुद्दाम ओला करून एक-दोन फटके मारावेत. स्पिन कसा कोसळतो आणि चेंडू कसा उंच उडून पुढे पळतो ते एकदा डोळ्यांनी पाहिले, की पावसाळ्यात टॉवेल हाताशी ठेवण्याची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही.

वहीत प्रत्येक चेंडूसाठी ‘पडला कुठे’ आणि ‘थांबला कुठे’ यांतले अंतर पावलांत लिहावे. माझे मत विचाराल तर, नवख्याने सर्वांत कमी पावले घेणारा चेंडू निवडण्याचा हट्ट धरू नये. ज्याची पावले दर वेळी जवळपास सारखी येतात तो निवडावा. दर वेळी सहा पावले पळणारा चेंडू आधी हिशेबात धरता येतो, पण कधी दोन तर कधी सात पावले पळणारा चेंडू हिशेबात बसत नाही. अशी विसंगती बहुधा फटक्यातून येते. तरीही जास्त फिरणारा चेंडू ती वाढवून दाखवतो.

ग्रीनवर पाडलेले सगळे खळगे जाण्यापूर्वी दुरुस्त करावेत. काटा खळग्याच्या कडेला खुपसून गवत मध्याकडे ढकलायचे असते. तळ वर उचलला की मुळे तुटतात.

६. आयर्न: उतरण्याचा कोन पाहा

सात नंबरच्या आयर्नने खऱ्या ग्रीनवर मारावे. सरावाच्या रेंजवरचे चेंडू या कामाला निरुपयोगी असतात. ते टणक, झिजलेले आणि कित्येकदा मुद्दाम कमी अंतर जाणारे असतात, त्यामुळे रेंजवर काढलेले यार्ड मैदानावर खोटे ठरतात. सकाळी गर्दी नसताना किंवा संध्याकाळी शेवटच्या जथ्यामागून, दोन चेंडू खेळण्याची परवानगी घेऊन हे करता येते. मागे कोणी थांबले असेल तर परीक्षा बाजूला ठेवून वाट द्यावी.

इथे महत्त्व उंचीला आणि उतरण्याच्या कोनाला आहे. ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून उभा उतरणारा चेंडू ग्रीनवर टिकतो. मंद स्विंगच्या खेळाडूचा चेंडू मुळातच सपाट उतरतो, त्यामुळे अगदी कमी फिरणारा ‘डिस्टन्स’ चेंडू त्याला आठ-दहा यार्ड जास्त देऊन ग्रीनच्या मागच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) पोहोचवण्याची शक्यता असते. वाढलेल्या अंतराच्या आनंदात ही गोष्ट नजरेतून सुटते.

७. ड्रायव्हर: शेवटी आणि थोडक्यात

क्लब आणि चेंडू यांचा संपर्क सुमारे अर्धा मिलिसेकंद टिकतो. एवढ्या वेळात फटका चेहऱ्याच्या मध्यावर बसला की अर्धा इंच बाहेर, याचा अंतरावर होणारा परिणाम चेंडूच्या बनावटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून पाचव्या आणि सहाव्या पायरीतून उरलेले दोन चेंडू ड्रायव्हरने आळीपाळीने मारावेत आणि फक्त एवढेच पाहावे, की त्यांतला एखादा स्पष्टपणे लहान पडतो का किंवा हवेत फुग्यासारखा वर चढून जागीच खाली येतो का. तसे नसेल तर ड्रायव्हरचे मत विचारात घेण्याचे कारण नाही. सर्वांत लांब गेलेला एकच फटका लक्षात ठेवून चेंडू निवडणे हा नेहमीचा सापळा आहे. तुलना मधल्या फटक्यांची करावी.

८. हवा, उंची आणि पाऊस

चेंडू तोच असला तरी ठिकाण बदलले की वागणूक बदलते. उंचीवर हवा विरळ असते. दर हजार फुटांमागे अंतर साधारण एक टक्क्याहून थोडे अधिक वाढते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, म्हणजे चेंबूरला २०० यार्ड जाणारा फटका येरवड्याला साधारण चार यार्ड पुढे पडेल. गुलमर्गचे मैदान अडीच हजार मीटरांहून उंच आहे, तिथे हा फरक लागोपाठच्या दोन क्लबांच्या अंतरांमधल्या फरकापेक्षा अधिक होतो.

थंडीत दुहेरी तोटा होतो. हवा दाट होते आणि गाभ्याच्या रबराची उसळी कमी होते. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी दहा-बारा अंशांत टी ऑफ करणाऱ्याला पहिल्या काही होलवर चेंडू ‘मेलेला’ वाटतो आणि दुपारी तोच चेंडू ‘जिवंत’ होतो, ते यामुळे. पिशवी रात्रभर गाडीच्या डिकीत न ठेवता घरात ठेवावी. मात्र चेंडू मुद्दाम तापवून त्याचे गुणधर्म बदलणे नियमबाह्य आहे आणि तसा चेंडू खेळल्यास स्पर्धेतून बाद केले जाते.

दमट हवा जड असते आणि म्हणून पावसाळ्यात चेंडू कमी जातो, असे क्लबच्या कट्ट्यावर छातीठोकपणे सांगितले जाते. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे दमटपणाने अंतर घटत नाही. पावसाळ्यातले यार्ड जमीन खाते: ओल्या फेअरवेवर चेंडू पडतो तिथेच रुततो, जो मे महिन्यात टणक जमिनीवर कितीतरी यार्ड पळाला असता. म्हणजेच पावसाळ्यात हवेतून जाणारे अंतर मोलाचे ठरते आणि उन्हाळ्यात चेंडू थांबवणे कठीण होते. दोन ऋतूंत एकच चेंडू ठेवून पडण्याची जागा बदलणे, हाच मार्ग मला अधिक पटतो.

वाऱ्याबाबत एकच गोष्ट सांगतो. समोरचा वारा जितके अंतर हिरावतो तितके पाठीमागचा वारा परत देत नाही. समोरून वारा असताना जोर लावला की स्पिन वाढतो आणि चेंडू उभा चढतो. तेव्हा एक-दोन क्लब मोठा घेऊन सावकाश मारावे.

पावसाळ्यात चेंडूला चिखल लागतो. चिखल ज्या बाजूला असेल त्याच्या उलट दिशेला चेंडू सर्वसाधारणपणे वळतो. ग्रीनवर चेंडू खूण करून उचलता आणि पुसता येतो. फेअरवेवर मात्र त्या दिवशी तसा स्थानिक नियम लावलेला असेल तरच. बंकरची वाळू आणि पाण्याचे क्षेत्र सोडून इतरत्र स्वतःच्याच खळग्यात रुतलेल्या चेंडूला विनादंड सुटका मिळते.

९. चेंडूविषयी पाठ असावेत असे नियम

खूण करा. मार्करने दोन ठिपके किंवा अक्षर काढा. समान नावाचा आणि समान आकड्याचा चेंडू रफमध्ये दोघांचा सापडला आणि कोणता कोणाचा हे सांगता आले नाही, तर दोघांचेही चेंडू हरवल्यात जमा होतात. दुसऱ्याचा चेंडू मारला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या खेळात) दोन फटक्यांचा दंड बसतो. ओळखण्यासाठी चेंडू उचलायचा असेल तर आधी जागेवर खूण ठेवावी आणि ओळखण्यापुरताच पुसावा.

शोधायला तीन मिनिटे मिळतात, आणि ती खेळाडू किंवा त्याचा कॅडी यांपैकी जो आधी शोधू लागेल तेव्हापासून मोजली जातात. कॅडी उत्साहाने आधीच झाडीत शिरला तर वेळ सुरू होते; त्याला थांबायला सांगता येते. आपल्याकडच्या अनेक क्लबांत पुढे उभा राहून चेंडूवर नजर ठेवणारा आगेवाला असतो. चेंडूचा रंग आणि तुमची खूण त्याला पहिल्या टीवरच दाखवून ठेवावी. हरवण्याची शंका असेल तर पुढे निघण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) हा शब्द स्पष्ट उच्चारून दुसरा चेंडू मारावा. ‘आणखी एक मारून घेतो’ एवढे म्हटले तर तो दुसरा चेंडूच खेळातला ठरतो.

चेंडू कापला गेला किंवा त्याला तडा गेला तर होल चालू असतानाही बदलता येतो. केवळ ओरखडा पडला किंवा रंग उडाला म्हणून नाही. फटक्यात चेंडूचे तुकडे झाले तर तो फटका मोजला जात नाही आणि त्याच जागेवरून पुन्हा मारायचा असतो. दोन होलच्या मध्ये मात्र हवा तो चेंडू घेता येतो. काही वरच्या दर्जाच्या स्पर्धांत पूर्ण फेरी एकाच बनावटीचा चेंडू वापरण्याचा स्थानिक नियम असतो, तो स्पर्धेच्या पत्रकात पाहावा.

१०. जुने आणि तळ्यातले चेंडू

तळ्यातून काढून धुतलेले चेंडू बऱ्याच मैदानांजवळ स्वस्तात मिळतात. थोडेच दिवस पाण्यात राहिलेला चेंडू चांगला चालतो, पण तो किती काळ पाण्यात होता हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. बोटाने दाबून पाहण्यात अर्थ नाही. आवरण पिवळट किंवा डागाळलेले दिसले, तर तो जास्त काळ बुडालेला असावा असे समजून सोडून द्यावा. ‘रिफिनिश्ड’ चेंडूंपासून त्याहूनही दूर राहावे. त्यांवर नव्याने रंग चढवलेला असतो, डिंपल भरून उथळ होतात आणि खालचा चेंडू मुळात कोणता होता याची खात्री देता येत नाही. शिकण्याच्या काळात आठ-दहा चेंडू सहज हरवतात, तेव्हा पाण्यावरून मारायच्या होलसाठी दोन-चार जुने चेंडू ठेवण्याचा मोह होतो. माझा सल्ला उलट आहे: ज्या फटक्याची भीती वाटते तोही नेहमीच्याच चेंडूने मारावा, आणि तो चेंडू हरवल्याचे दुःख होऊ नये इतपतच महाग असावा. खिशाला युरेथेन परवडत नसेल तर एकाच जातीचा आयनोमर चेंडू वर्षभर खेळणे हे दर आठवड्याला वेगळा महाग चेंडू खेळण्यापेक्षा अधिक फायद्याचे आहे.

साठवलेला नवा चेंडू घरातल्या सर्वसाधारण तापमानाला काही वर्षे चांगला राहतो. उन्हात उभ्या गाडीत मात्र ठेवू नये. खेळातला चेंडू बाद कधी करावा, यासाठी त्यावरून अंगठ्याचे नख फिरवावे. कार्ट पाथवर (गाड्यांच्या वाटेवर) किंवा झाडावर आपटून आवरणाचा टवका उडाला असेल आणि नख तिथे अडकत असेल, तर तो सरावाच्या पिशवीत टाकावा. नुसता डाग असेल तर खेळत राहावे.

चेंडू ठरला की एक डझन घ्यावा, त्याहून जास्त नको. मोठे उत्पादक काही वर्षांनी त्याच नावाची नवी आवृत्ती आणतात आणि थरांची किंवा डिंपलची रचना बदलतात. तुमच्या चेंडूची नवी आवृत्ती आली तर सगळ्या पायऱ्या पुन्हा करण्याची गरज नाही. जुने तीन आणि नवे तीन चेंडू घेऊन चिपिंग ग्रीनवर जावे आणि पाचवी पायरी तेवढी नव्याने करावी.